कंपनीच्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा एक्सेस कोणी भरायचा?

उत्तर आधी देतो, कारण वसुलीची मेल आल्यावर लांबलचक वाचत बसायला कोणाला धीर नसतो. गाडी कंपनीची, पॉलिसी कंपनीच्या नावावर, म्हणून विमा कंपनीच्या दृष्टीने एक्सेस, म्हणजे नुकसानातला विम्यातून न मिळणारा पहिला हिस्सा, सोसणारी कंपनीच. तुमच्याकडून ती रक्कम घ्यायची की नाही, हा तुमच्यातला आणि कंपनीतला वेगळा हिशोब आहे. तो तीन गोष्टींवर ठरतो: तसं आधी लेखी ठरलं होतं का, नोकरी आहे तिथला कायदा पगारातून अशी कपात करू देतो का, आणि अपघातात तुमची चूक किती होती.

यातला एकही प्रश्न न विचारता "कापून घ्या" असं कळवून मोकळे होणारे खूप असतात. नोकरी नवी, प्रोबेशन चालू, त्यात गाडी ठोकलेली, म्हणजे तोंड उघडायची सोय नाही असं वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कंपनीशी भांडायचं नाही, पण जे देणं आपलं नाही ते केवळ संकोचापायी द्यायचंही नाही.

एक्सेस म्हणजे नेमकी कोणती रक्कम

नुकसानातला पहिला ठरावीक हिस्सा विमा कंपनी देत नाही, तो पॉलिसीधारकाने सोसायचा असतो. हाच एक्सेस, भारतात पॉलिसीवर तो डिडक्टिबल म्हणून छापलेला दिसेल. दुरुस्ती 60,000ची आणि एक्सेस 10,000चा असेल तर विम्यातून 50,000 येतात. दुरुस्तीच 8,000ची असेल तर विम्यातून काहीच येत नाही, आणि शहाणी कंपनी क्लेमच करत नाही.

एक्सेसचा एक भाग सक्तीचा असतो, तो पॉलिसीधारकाला टाळता येत नाही. भारतात 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला तो 1,000 रुपये आहे आणि त्यापुढच्या कारला 2,000 रुपये. दुसरा भाग ऐच्छिक. पॉलिसी घेणारा आपणहून जास्त एक्सेस पत्करतो आणि त्या बदल्यात प्रीमियम कमी करून घेतो. काही देशांत चालक वयाने लहान किंवा लायसन्स नवं असेल तर त्यावर आणखी एक थर चढतो.

ऐच्छिक भागाकडे नीट बघा. पन्नास गाड्या असलेली कंपनी मोठा एक्सेस घेते तेव्हा दरवर्षी प्रीमियममध्ये बचत करते. हा तिचा व्यावसायिक निर्णय असतो आणि तो घेताना तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं. बचत कंपनीच्या खिशात आणि अपघाताचा भार चालकाच्या पगारावर, ही वाटणी मला कधीच न्याय्य वाटलेली नाही. कंपनीशी बोलताना हा मुद्दा शांतपणे मांडता येतो आणि तो बिनतोड आहे.

गाडी ताब्यात घेण्याआधी

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही हीच. चावीबरोबर जे कागद सहीला येतात त्यात "वाहन वापर धोरण" किंवा तशाच नावाचा एक कागद असतो. तो घरी नेऊन वाचा. एक्सेसचं कलम शोधा आणि त्यातले शब्द तपासा. "चालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघातात" असं लिहिलं आहे, की "कोणत्याही अपघातात"? दुसऱ्या प्रकारचं कलम म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकलं तरी तुम्हीच भरायचं. त्यावर सही करण्याआधी "दुसऱ्याची चूक असेल तर कसं?" एवढं तरी मेलवर विचारून ठेवा. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुमचा प्रश्न तारखेसह नोंदलेला राहतो.

रकमेला मर्यादा आहे का, तेही बघा. "एक्सेसची पूर्ण रक्कम" असं मोघम लिहिलेलं असेल तर आजचा आकडा विचारा, कारण पुढच्या वर्षी पॉलिसी बदलली की तो दुप्पट होऊ शकतो. सुट्टीच्या दिवशी खासगी कामाला गाडी नेता येते का, घरातलं दुसरं कोणी चालवू शकतं का, हेही याच वेळी विचारा. पॉलिसीत नाव किंवा परवानगी नसलेल्या माणसाने गाडी ठोकली तर प्रश्न एक्सेसपुरता राहत नाही, अख्खा क्लेमच फेटाळला जाऊ शकतो.

आणि गाडीचे फोटो काढा. चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, बंपरचे खालचे कोपरे, काच, आतली सीट, किलोमीटरचा आकडा. आधीच्या चालकाचे ओरखडे तुमच्या खात्यावर चढू नयेत म्हणून हे पाच मिनिटांचं काम आहे. फोटो फोनमध्ये पडून राहू देऊ नका, गाडी देणाऱ्याला त्याच दिवशी मेल करा.

अपघाताच्या दिवशी

माणसं आधी. कोणाला लागलं असेल तर मदत, गरज असेल तिथे पोलीस, मग गाडी. त्यानंतर गाड्या हलवण्याआधीचे फोटो, समोरच्याचा गाडी नंबर आणि विम्याचा तपशील, शक्य असेल तर साक्षीदाराचा फोन नंबर. डॅशकॅम असेल तर रेकॉर्डिंग लगेच वेगळं जपून ठेवा, नाहीतर जुन्यावर नवं चढत जातं आणि हवा तोच तुकडा पुसला जातो.

कंपनीला त्याच दिवशी कळवा. बहुतेक पॉलिसींत विमा कंपनीला विनाविलंब कळवण्याची अट असते. तुमच्या उशिरामुळे क्लेम अडकला तर "एक्सेस कोणाचा" हा वाद बाजूला राहून तुमच्यावर भलताच ठपका येतो.

मग येतो अपघाताचा अहवाल, म्हणजे ज्यात "अपघात कसा झाला" असं विचारून चार ओळी सोडलेल्या असतात तो फॉर्म. इथे लोक घाईघाईत लिहितात: "माझ्या दुर्लक्षामुळे गाडी खांबाला धडकली." या वाक्यात घडलेलं थोडं आणि निकालच जास्त आहे. लिहायचं ते असं: "संध्याकाळी सुमारे सातची वेळ. तळघरातल्या पार्किंगमधून गाडी मागे घेत होतो. वेग अगदी कमी. उजवीकडचा दिवा बंद होता. मागच्या बंपरचा उजवा कोपरा खांबाला लागला. रिव्हर्स सेन्सरचा आवाज आला नाही." यात एक अक्षर खोटं नाही, काही लपवलेलंही नाही. फक्त चूक कोणाची आणि किती, हे ठरवायचं काम तुम्ही अंगावर घेतलेलं नाही. सेन्सर बंद असल्याची तक्रार महिनाभर आधी केलेली असेल तर तिची तारीखही इथेच लिहा.

खोटं मात्र लिहू नका. "उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं" ही सबब नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेयरला ओरखड्याच्या दिशेवरून आणि रंगाच्या खुणांवरून कळते. मग एक्सेसच्या चार पैशांसाठी नोकरीवर बेतते.

मागणी आली, आता काय

थोड्या दिवसांनी एचआरची किंवा अकाउंट्सची मेल येते: अमुक रक्कम पुढच्या पगारातून कापली जाईल. "ठीक आहे" असं उत्तर देऊ नका. काही देशांत तेवढ्या दोन शब्दांतून संमती दिली असा अर्थ काढला जाऊ शकतो. त्याऐवजी अशा आशयाचं लिहा:

"दिनांक अमुकच्या अपघाताबाबत एक्सेसच्या वसुलीची सूचना मिळाली. पॉलिसीतलं एक्सेस दाखवणारं पान, विमा कंपनीचं क्लेम मंजुरीचं पत्र, गॅरेजचं अंतिम बिल आणि ज्या कलमाखाली ही वसुली होत आहे त्याची माझ्या सहीची प्रत मिळावी, ही विनंती. हे पाहून मी माझं म्हणणं लेखी कळवेन. तोपर्यंत पगारातून कपात करू नये. या कपातीला मी अद्याप संमती दिलेली नाही."

भाषा सभ्य ठेवा, पण शेवटचं वाक्य गाळू नका.

कागद आले की गॅरेजचं बिल उघडा. त्यात एकूण रक्कम, विमा कंपनीने द्यायची रक्कम आणि ग्राहकाने द्यायची रक्कम असे तीन आकडे सापडतील. गोंधळ असतो तो तिसऱ्या आकड्यात. अकाउंट्सवाले हा आकडा उचलून "एक्सेस" म्हणून तुमच्या नावावर टाकतात, पण त्यात एक्सेसशिवाय बरंच काही मिसळलेलं असतं. भारतातल्या साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या सुट्या भागांवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो. बंपर प्लास्टिकचाच असतो, म्हणजे नव्या बंपरची निम्मी किंमत ग्राहकाच्या रकान्यात येते. घसारामुक्त कव्हर घेतलेलं असेल तर ही कपात होत नाही, पण ते घ्यायचं की नाही हेही कंपनीनेच ठरवलेलं असतं. त्याशिवाय नट-बोल्ट, कूलंट, ऑइल यांसारख्या किरकोळ वस्तू आणि कधीकधी याच संधीत उरकून घेतलेली जुनी कामंसुद्धा तिथेच बसतात. तुमच्या सहीच्या कागदात "एक्सेस" असा शब्द असेल तर मागणीही तेवढ्यापुरतीच असायला हवी. एकेक ओळ विचारा. अशी चौकशी केल्यावर आकडा खाली आलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्यासाठी आवाज चढवावा लागलेला नाही.

आणखी एक तपासणी. एकाच वेळी बंपर, दार आणि आरसा दुरुस्त झाला असेल आणि ही नुकसानं वेगवेगळ्या दिवसांची आहेत असं विमा कंपनीने धरलं, तर प्रत्येक घटनेला वेगळा एक्सेस लागतो. त्यातल्या तुमच्या घटना कोणत्या? गाडी ताब्यात घेतानाचे फोटो इथे कामाला येतात.

कायदा कुठे काय म्हणतो

नियम नोकरी ज्या देशात आहे तिथले लागतात, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो.

भारतात 2019च्या वेतन संहितेत (आधी 1936च्या वेतन प्रदान कायद्यात) पगारातून कोणत्या कपाती करता येतात त्याची यादी आहे. सांभाळायला म्हणून स्पष्टपणे सोपवलेल्या मालाचं नुकसान त्या यादीत येतं, पण ते नुकसान थेट कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेलं असावं लागतं. कपात नुकसानाच्या रकमेपेक्षा जास्त असून चालत नाही, आणि कपातीआधी कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. न विचारता थेट पगारपत्रकावर उमटलेली कपात इथेच अडखळते.

ब्रिटनमध्ये 1996च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टचं कलम 13 आहे. कपातीला कायद्याचा आधार, करारातलं कलम किंवा कर्मचाऱ्याची आधी दिलेली लेखी संमती लागते. यातलं "आधी" फार मोलाचं आहे. अपघात झाल्यावर घेतलेल्या सहीच्या जोरावर त्याच अपघाताची वसुली पगारातून करता येत नाही. उलट बाजूने, गाडी घेताना तुम्ही स्पष्ट कलमावर सही केली असेल तर कंपनीची बाजू भक्कम असते. म्हणून ब्रिटनमध्ये गाडी घेण्याआधीचं वाचन दुप्पट महत्त्वाचं.

ऑस्ट्रेलियात कायदा कर्मचाऱ्याकडे जास्त झुकलेला आहे. 2009च्या फेअर वर्क अ‍ॅक्टप्रमाणे कर्मचाऱ्याच्या संमतीने कपात करायची तर संमती लेखी हवी आणि कपात मुख्यतः त्याच्याच फायद्याची हवी. कंपनीचा एक्सेस भरण्यात कर्मचाऱ्याचा फायदा दाखवणं कठीण. दिलेली संमती लेखी कळवून मागेही घेता येते. करारात कलम असलं तरी ते कंपनीच्या फायद्याचं आणि अवाजवी असेल तर त्याला अर्थ उरत नाही.

जर्मनीतली पद्धत मला सगळ्यात समंजस वाटते. तिथल्या कामगार न्यायालयांनी चूक किती मोठी यानुसार पायऱ्या पाडल्या आहेत. अगदी किरकोळ चूक असेल तर कर्मचारी काही देत नाही, मध्यम असेल तर नुकसान दोघांत वाटलं जातं, आणि घोर निष्काळजीपणा असेल तर सहसा पूर्ण भार कर्मचाऱ्यावर येतो. चूक किती होती ते न बघता एक्सेस सरसकट चालकानेच भरायचा, अशा करारातल्या कलमाला तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 2004 साली अवैध ठरवलं. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना हा मुद्दा समजावताना मी हीच तीन पायऱ्यांची मांडणी वापरतो. दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्याच्या हातून कधीतरी बंपर घासणारच, आणि ती जोखीम ज्याच्या धंद्यासाठी घेतली जाते त्याने ती सोसावी, हे समोरच्यालाही पटतं.

विमा कंपनी थेट चालकाच्या मागे लागते का?

एरवी नाही. पण एक खटला माहीत असावा. 1949 साली इंग्लंडमध्ये एका कंपनीचा ट्रक मागे घेताना चालकाच्या स्वतःच्या वडिलांनाच धक्का लागला. ते त्याच्याच बरोबर काम करत होते. विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली आणि मग मालक कंपनीच्या नावाने मुलावर दावा लावून तेवढी रक्कम मागितली. रॉमफर्ड आइस अँड कोल्ड स्टोरेज कंपनीचा हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि निकाल चालकाच्या विरोधात लागला. त्यावर इतकी खळबळ झाली की ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांनी आपसांत ठरवलं: संगनमत किंवा जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन असल्याशिवाय कर्मचाऱ्याच्या मागे लागायचं नाही. ऑस्ट्रेलियाने असंच बंधन 1984च्या विमा करार कायद्यात कलम 66 म्हणून घातलं.

चूक समोरच्याची असेल तर

एक्सेस तेव्हाही आधी भरावा लागू शकतो, पण पुढे तो समोरच्या चालकाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून परत मागता येतो. ही वसुली कंपनीने करायची असते. तुमच्या पगारातून एक्सेस कापून घेतला आणि वर्षभराने समोरच्याकडून तो कंपनीला परत मिळाला, तर ते पैसे तुमचे आहेत. हे आपोआप कोणी कळवत नाही. क्लेम नंबर लिहून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा विचारत राहा.

कधी वाद घालू नये

दारू पिऊन चालवली, हातात फोन धरून चालवली, परवानगी नसताना मित्राला चालवायला दिली, सुट्टीत न सांगता गाडी परगावी नेली. अशा वेळी कायदा बहुतेक ठिकाणी तुमच्या बाजूने नसतो, आणि दारूच्या बाबतीत विमा कंपनीनेही क्लेम नाकारला तर एक्सेस नव्हे, पूर्ण दुरुस्ती तुमच्यावर येऊ शकते. इथे नुसता एक्सेस मागितला जात असेल तर तो द्या आणि हप्त्यांची विनंती करा. हप्ते किती, शेवटचा कधी, आणि त्यानंतर या अपघातापोटी काही बाकी नाही, हे एका पत्रात लिहून घ्या.

खासगी वापराची परवानगी असताना झालेला अपघात मधल्या जागेवर येतो. फायदा तुमचा होता, त्यामुळे थोडा वाटा उचलायला हरकत नसावी असं माझं मत. कामाच्या फेरीत मात्र मी ते सहज मान्य करणार नाही.

गाडी तुमची, काम कंपनीचं

स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला नेत असाल तर चित्र उलटतं. पॉलिसी तुमची, म्हणून एक्सेसही तुमचा, आणि कंपनीने किलोमीटरमागे भत्ता दिला की ती सहसा हात झटकते. कामासाठीचा वापर तुमच्या पॉलिसीत बसतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. बसत नसेल तर क्लेमच अडेल. आणि कामावर असताना अपघात झाला तर एक्सेस कंपनी देईल का, हे पहिल्या फेरीआधी ठरवून घ्या. कामानिमित्त भाड्याने गाडी घेणार असाल तर बुकिंग कंपनीच्या नावाने करा. काउंटरवर एक्सेस कमी करणारं जादा कव्हर देऊ करतात, ते घ्यायचं का आणि त्याचा खर्च मिळेल का, हे आधी मेलवर विचारून ठेवा. भाड्याच्या गाडीचा एक्सेस बराच मोठा असतो आणि तो तुमच्या स्वतःच्या कार्डावरून वळता होतो.

नोकरी सोडताना

जुन्या अपघातांचे हिशोब सगळ्यात जास्त इथे उकरले जातात. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर "वाहन दुरुस्ती" अशी एक ओळ येते आणि माणूस नव्या नोकरीच्या गडबडीत सही करून मोकळा होतो. राजीनामा दिल्याबरोबर लेखी विचारा की माझ्या नावावर गाडीसंबंधी काही रक्कम बाकी आहे का. गाडी परत करताना पुन्हा तेच फोटो, त्याच बाजूंनी, आणि ताबा घेणाऱ्याची सही. अंतिम हिशोबात अनपेक्षित कपात दिसली तर "ही कपात मान्य नाही, बाकी रक्कम स्वीकारतो" असं लिहूनच पैसे घ्या. तक्रारीची मुदत काही देशांत फार थोडी, जेमतेम काही महिन्यांचीच असते. म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात तिथल्या कामगार कार्यालयात किंवा युनियनकडे शेवटची तारीख विचारा.